तेहतीस सुवर्णांची सुगी

१२ ते १८ ऑक्टोबर २००८ या सात दिवसांत पुण्याजवळच्या बालेवाडीत तिसरे राष्ट्रकुल युवा खेळ भरले. ७१ देशांचे बाराशेहून अधिक खेळाडू तिथे आले होते. स्पर्धा संपली तेव्हा पदकतक्त्यात भारत सगळ्यांच्या वर होता: ३३ सुवर्ण, २६ रौप्य, १७ कांस्य, एकूण ७६. ऑस्ट्रेलिया दुसरा, इंग्लंड तिसरा. दक्षिण आशियाई खेळ सोडले, तर एवढ्या देशांच्या बहुक्रीडा स्पर्धेत आपला संघ पहिला येणे ही आपल्याकडे फार दुर्मीळ गोष्ट. तरीही महाराष्ट्रात या आठवड्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. निघालीच, तर ती आयोजन समितीचे प्रमुख सुरेश कलमाडी आणि दोन वर्षांनंतरच्या दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांतील घोटाळ्यापाशी जाऊन थांबते. हा त्या मुलामुलींवर अन्याय आहे. पण केवळ गौरव करूनही या यशाचा अर्थ लागत नाही. ते तेहतीस सुवर्ण आले कुठून, आणि पुढे त्यांचे काय झाले, हे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. बालेवाडीत झाली ती सुगी होती. पेरणी बरीच वर्षे आधी, वेगवेगळ्या गावांत झाली होती. भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यासारख्या गावाला या इतिहासाचा उपयोग असेल, तर तो नेमका याच ठिकाणी.

सुरुवात १९९४ पासून करायला हवी. त्या वर्षी राष्ट्रीय खेळांचे यजमानपद महाराष्ट्राकडे होते आणि स्पर्धा मुंबई व पुण्यात विभागल्या होत्या. १९९३ ची दंगल, मार्चमधले बॉम्बस्फोट आणि सप्टेंबर अखेरचा किल्लारीचा भूकंप यांतून राज्य नुकते सावरत होते. अशा काळात पुण्याच्या पश्चिमेला, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात, दीडशे एकरांच्या आसपास जागेवर श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. आराखडा वास्तुविशारद शशी प्रभू यांचा. तेव्हा बालेवाडी हे खेडे होते. हिंजवडीच्या आयटी कंपन्या, बाणेरच्या उंच इमारती, महामार्गालगतची हॉटेले हे सगळे नंतरचे. जमिनीचा भाव चढायच्या आधी एवढा मोठा सलग तुकडा खेळासाठी ठेवला गेला, म्हणून तो टिकला. दहा वर्षे उशीर झाला असता, तर त्या भागात दीडशे एकर सोडा, पंधरा एकरही मैदानासाठी मिळाले नसते. २००८ च्या खेळांचे पहिले श्रेय मी चौदा वर्षे आधी घेतलेल्या या जमिनीच्या निर्णयाला देतो.

राष्ट्रकुल युवा खेळांची कल्पना १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. चौदा ते अठरा वयाच्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धेची चव लवकर मिळावी, हा तिचा हेतू. पहिली स्पर्धा २००० साली एडिनबरोत झाली; पंधराएक देश आले होते. दुसरी २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो या लहान शहरात, देश २२. दोन्ही तशा घरगुती स्वरूपाच्या स्पर्धा होत्या. पुण्यात देशांची संख्या एकदम ७१ वर गेली, कारण आता तिच्यामागे मोठे गणित होते. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांचे यजमानपद नोव्हेंबर २००३ मध्ये दिल्लीला मिळाले होते, आणि पुणे ही त्याची रंगीत तालीम होती. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष कलमाडी पुण्याचेच खासदार असल्याने स्पर्धा पुण्याला येणे ओघाने आले. दिल्लीच्या शुभंकर वाघाचे नाव शेरा. त्याचा धाकटा भाऊ म्हणून पुण्यासाठी ‘जिगर’ हा वाघ निवडला गेला. शहरातले राजकारण मात्र सरळ नव्हते. २००७ च्या महापालिका निवडणुकीनंतर राष्ट्रवादीने शिवसेना-भाजपशी हातमिळवणी करून कलमाडींच्या काँग्रेसला सत्तेबाहेर ठेवले होते. ‘पुणे पॅटर्न’ म्हणून ते समीकरण गाजले. महापालिका एका बाजूला आणि आयोजन समितीचा प्रमुख दुसऱ्या बाजूला, अशा स्थितीत रस्ते, दिवे, सुशोभीकरण या प्रत्येक कामावर वाद झाले. तरीही कामे झाली, कारण १२ ऑक्टोबर ही तारीख कुणालाही हलवता येणार नव्हती.

तारखेची ही ताकद समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे क्रीडांगणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळते, खेळाडूला काडतुसे वेळेवर मिळत नाहीत, शिबिराचा निधी शिबिर संपल्यावर येतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तारीख ठरली की हीच यंत्रणा धावू लागते. बालेवाडीत बॅडमिंटनचे सभागृह, नेमबाजीची रेंज, तलाव, धावमार्ग हे सगळे स्पर्धेच्या दर्जाचे करण्यात आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने २०१० च्या संघाच्या तयारीसाठी ६७८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परदेशी प्रशिक्षक, लांब मुदतीची शिबिरे, परदेशात स्पर्धा या गोष्टी बऱ्याच खेळांत एकाच वेळी सुरू झाल्या. शिवाय वातावरण अनुकूल होते. ऑगस्टमध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले होते, सुशील कुमार आणि विजेंदर सिंग कांस्य घेऊन आले होते. पुण्यात उतरणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर दोन महिन्यांपूर्वीचे ते उदाहरण होते. दुसरीकडे देशावर बॉम्बस्फोटांची छाया होती: मे महिन्यात जयपूर, जुलैत अहमदाबाद, १३ सप्टेंबरला दिल्ली, आणि खेळांच्या अवघे दोन आठवडे आधी, २९ सप्टेंबरला, मालेगाव. परदेशी संघ अशा काळात आले, खेळले आणि सुखरूप परतले, हे पोलिसांचे आणि आयोजकांचे निर्विवाद यश. ते नाकारण्याचे कारण नाही.

खेळ नऊ होते: ॲथलेटिक्स, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, नेमबाजी, जलतरण, टेबल टेनिस, टेनिस, भारोत्तोलन आणि कुस्ती. राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यानंतर पदकांची रांग लागली, आणि तीत महाराष्ट्राची नावे ठळक होती. नेमबाजीत कोल्हापूरची राही सरनोबत. अठरा पूर्ण व्हायला अजून दोन आठवडे होते. पंचवीस मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण घेतले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतले तिचे हे पहिले मोठे यश. या प्रकारात हात वर येतो, क्षणभर स्थिर होतो आणि गोळी सुटते. जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंदच समोर राहते. एवढ्या वेळात श्वास, नजर आणि बोट यांचा मेळ जुळवायची सवय एका शिबिरात लागत नाही. राहीला ती कोल्हापुरात लागली. तिच्याच शाळेत तेजस्विनी सावंत शिकली होती, जी पुढे २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. शाळेतल्या आधीच्या मुलीने बंदूक हातात घेतलेली पाहून नंतरची मुलगी रेंजवर जाते, तिथे शिकवणारे कुणी असते, आणि घरचे लोक तो छंद वेडेपणा मानत नाहीत. परंपरा म्हणतात ती हीच.

कुस्तीत सुवर्ण जिंकणारा राहुल आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. वडील स्वतः पैलवान, म्हणून पहिले डाव घरच्याच मातीत. तिथून तो पुण्याला हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे गोकुळ वस्ताद तालमीत आला. बिराजदार १९७० च्या एडिनबरो राष्ट्रकुल खेळांचे सुवर्णविजेते. गुरूने जिंकलेल्या स्पर्धेच्या युवा आवृत्तीत शिष्य जिंकला, यात योगायोगापेक्षा तालमीतली अखंड शिस्त जास्त आहे: पहाटेची जोर-बैठक, खुराक, वस्तादांचा धाक, आणि रोज आपल्यापेक्षा जड जोडीदाराशी लढत. पोहण्यात कोल्हापूरचाच वीरधवल खाडे. बीजिंग ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेला तो भारताचा सर्वांत तरुण जलतरणपटू होता आणि पुण्यात सतराव्या वर्षी त्याने तलावात सुवर्ण जिंकले. त्याच्या बाबतीत एक गोष्ट खटकते. त्याला वरच्या दर्जाचे प्रशिक्षण घेण्यासाठी बंगळुरूला, निहार अमीन यांच्याकडे जावे लागले. कोल्हापुरात पोहणे रुजले होते, पण पुढची पायरी महाराष्ट्रात नव्हती. बॅडमिंटनमध्ये साईना नेहवाल आणि गुरुसाईदत्त यांनी एकेरीची दोन्ही सुवर्णे जिंकली. दोघेही हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या हाताखाली घडलेले. गोपीचंद यांनी आपली अकादमी उभारण्यासाठी राहते घर गहाण टाकले होते, आणि ती अकादमी याच २००८ मध्ये सुरू झाली.

या चार-पाच उदाहरणांवर माझा मुद्दा उभा आहे. कोल्हापूरची शाळा आणि रेंज, पाटोद्याची माती, पुण्याची तालीम, हैदराबादची अकादमी: यांपैकी एकही गोष्ट पुण्याच्या खेळांनी निर्माण केली नाही. त्या आधीपासून होत्या, आणि बहुतेक ठिकाणी एखाद्या वेड्या माणसाच्या जिवावर चालल्या होत्या. खेळांनी त्यांतून तयार झालेली मुले एका जागी आणली, त्यांना चांगले साहित्य आणि मोठा मंच दिला.

यावर पहिला आक्षेप पदकांच्या मोलाबद्दलचा असतो, आणि तो रास्त आहे. यजमान म्हणून भारताने प्रत्येक खेळात पूर्ण संघ उतरवला. लांबून येणाऱ्या देशांनी मोजकी मुले पाठवली. ब्रिटन इथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स असे वेगवेगळे खेळते, म्हणजे त्यांची पदके आधीच वाटली जातात. नेमबाजी, कुस्ती, भारोत्तोलन हे आपले हुकमी खेळ यादीत होते. आणि साईना? दोन महिन्यांपूर्वी ती ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळली होती. युवा स्पर्धेत तिच्यासमोर कोण टिकणार? हे सगळे मान्य करून मी म्हणेन की पदकतक्त्याचा पहिला क्रमांक सोडून द्यावा, त्याच्या जागी पुढच्या दहा वर्षांचा हिशेब पाहावा. राहीने २०१० ला दिल्लीत अनिसा सय्यदसोबत जोडीचे सुवर्ण आणि एकेरीचे रौप्य घेतले, २०१३ ला चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण, आणि २०१८ च्या आशियाई खेळांत ती सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. राहुलने २०१८ ला गोल्ड कोस्टमध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले आणि ते दिवंगत बिराजदारांना अर्पण केले. २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. वीरधवलने २०१० ला ग्वांगझूत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवले. आशियाई खेळांत जलतरणातले पदक भारताला १९८६ च्या खजानसिंगनंतर प्रथमच मिळत होते. साईना २०१२ ला लंडनमध्ये ऑलिम्पिक कांस्यविजेती झाली. पुण्यातले प्रतिस्पर्धी कमकुवत असतील, पण पुण्यात जिंकलेली मुले कमकुवत नव्हती.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो माझ्या मुद्द्याला जास्त भिडतो. खेळांनी काही पेरले नाही हे म्हणणे चूक आहे, असे काही जण म्हणतील. तारीख, पैसा, सुविधा एकत्र आल्या म्हणून तर २०१० ला दिल्लीत भारताने ३८ सुवर्णांसह १०१ पदके जिंकली. बालेवाडीची वास्तूही कामी आली. युवा खेळ संपल्यावर आठवडाभरात तिथेच जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धा सुरू झाली आणि साईनाने तीही जिंकली. पुढे फुटबॉलचे सामने झाले, २०१८ पासून काही वर्षे एटीपी टेनिस झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे खेलो इंडिया युवा खेळ होऊन महाराष्ट्र ८५ सुवर्णांसह २२८ पदके घेऊन पहिला आला. यातला तपशील खरा आहे. पण तारीख ओसरल्यावर काय झाले, तेही त्याच तपशिलात आहे. २०१४ ला ग्लासगोत भारताची पदके ६४ वर आली, सुवर्णे १५. युवा खेळांत तर २०११ ला आइल ऑफ मॅन, २०१५ ला सामोआ, २०१७ ला बहामा आणि २०२३ ला त्रिनिदाद अशा चार स्पर्धा नंतर झाल्या. एकदाही भारत पहिला आला नाही. २०११ ला पी. व्ही. सिंधूने सुवर्ण जिंकले, ती गोपीचंद यांच्याच अकादमीची. म्हणजे मोठ्या स्पर्धेचा निधी आटला तरी जिथे रोजचा सराव चालू होता, तिथून खेळाडू येत राहिले. जिथे तो नव्हता, तिथे यजमानपदाने दिलेला वेग दोन-तीन वर्षांत थंडावला.

वास्तूंचे आणि माणसांचे पुढे काय झाले, यातूनही हेच दिसते. जून २०२१ मध्ये क्रीडा विद्यापीठाच्या बैठकीसाठी आलेल्या मान्यवरांच्या गाड्या बालेवाडीच्या कृत्रिम धावमार्गावर उभ्या केल्या गेल्या. छायाचित्रे प्रसिद्ध झाली, क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. धावमार्गाचा तो रबरी थर धावपटूच्या खिळ्यांच्या बुटांसाठी असतो, मोटारीच्या वजनासाठी नव्हे, हे तिथे त्या क्षणी कुणाला सांगावेसे वाटले नाही. जिथे रोज शे-दोनशे मुले धावतात तिथे गाडी आत शिरूच शकत नाही. मुलेच ती अडवतील. वीरधवलला सरकारने तहसीलदार केले, राहीला उपजिल्हाधिकारी, राहुलला पोलीस उपअधीक्षक. खेळाडूच्या पोटापाण्याची सोय करणारे हे धोरण चांगले आहे. पण तहसील कार्यालय सांभाळून दिवसाला दोन वेळा पोहणे शक्य नसते. वीरधवलच्या ऐन उमेदीतली काही वर्षे त्यात गेली. पद देताना सरावाची रजा आणि तलाव यांचा विचार त्याच आदेशात व्हायला हवा होता.

खेळांची आठवण का पुसली गेली, याचे कारण काही अंशी काळाचेही आहे. १८ ऑक्टोबरला समारोप झाला, आणि दुसऱ्याच दिवशी रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई-ठाणे परिसरात मारहाण झाली. दोन दिवसांनी राज ठाकरे यांना अटक झाली. वर्तमानपत्रांची पहिली पाने त्याने भरली. पुढच्या महिन्यात मुंबईवरच्या हल्ल्याचा २६ नोव्हेंबर आला. बाहेर जागतिक मंदी होती. मग दिल्लीचा घोटाळा आणि एप्रिल २०११ मध्ये कलमाडींची अटक. यात पुण्याच्या मुलांची आठवण कोण ठेवणार?

आता दापोड्याकडे येऊ. मुंबई-नाशिक महामार्गावर माणकोली नाक्यावरून आत वळले की अंजूर, दापोडे, वळ अशी गावे लागतात आणि दोन्ही बाजूंना गोदामांच्या रांगा. मुंबईच्या जकातीबाहेरची जमीन, बंदर आणि महामार्ग दोन्ही हाताशी, म्हणून इथे गोदामे आली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्यांचा आकार आणखी वाढला. भातशेतीच्या जागी काँक्रीटचे ओटे झाले, गावात पैसा आला, भाडे आले. याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण १९९४ च्या बालेवाडीची आणि आजच्या भिवंडी तालुक्याची तुलना केली, तर फरक एवढाच दिसतो की बालेवाडीत भाव चढण्याआधी खेळाची जागा ठरली होती. इथे भाव चढून गेला आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कोळी गावांत खेळाची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. कबड्डी आहे. चढाई, पकड, लोण हे शब्द इथल्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. मंडळांचे संघ आणि रात्रीचे प्रकाशझोतातले सामने इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पुण्याच्या नऊ खेळांत मात्र कबड्डी नव्हती. १९३६ ला बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचे प्रात्यक्षिक दाखवले, १९९० ला ती आशियाई खेळांत आली, पण युवा स्पर्धांचे दार तिला फार उशिरा उघडले: २०२५ मध्ये बहरीनच्या आशियाई युवा खेळांत. तिथे भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोन्ही संघांनी, सुवर्ण जिंकले. म्हणजे आता दापोड्याच्या मुलाला कबड्डी सोडून नेमबाजीकडे जाण्याची गरज नाही. त्याच्या खेळालाही आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेचे पदक आहे. कोल्हापूरला जे नेमबाजीने दिले, पाटोद्याला कुस्तीने, ते इथे कबड्डीने द्यायला काहीच हरकत नाही.

सरकारी योजनांची वाट पाहू नये, असे मी म्हणणार नाही. पण त्यांवर विसंबूही नये. पुण्याच्या खेळांच्याच वर्षी केंद्राने गावोगावी मैदाने तयार करण्यासाठी ‘पायका’ ही योजना आणली होती. तिचे नाव बदलले, मग ती दुसऱ्या योजनेत मिसळली, पुढे खेलो इंडिया आली. योजना बदलत राहतात. सातबाऱ्यावर खेळाचे मैदान म्हणून नोंदलेली जागा सहजासहजी बदलता येत नाही.

२०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला द्यायचे ठरले आहे. पुन्हा एक तारीख पक्की झाली आहे, पुन्हा निधी येईल, शिबिरे भरतील, पदकेही मिळतील. तेव्हा अठरा वर्षांची असणारी मुले २०१२ मध्ये जन्मलेली आहेत. ती आता शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत. तालुक्यातल्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत एकच ठराव घ्यावा: पुढचे गोदाम मंजूर होण्याआधी गावाच्या मैदानाची जागा मोजून, कुंपण घालून, कागदावर नोंदवावी.